नेव्हिल डिसोझा व मोकळ्या मैदानाचे ऋण

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत कोणा प्रसिद्ध पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी विनंती समितीने आम्हांस केली, तेव्हा समितीच्या मनात बहुधा एखाद्या संताचे नाव असावे. संतांची चरित्रे वाचल्याने मनास उभारी येते ह्यात शंका नाही, आणि ती आम्ही दरवर्षी त्या त्या सणाच्या दिवशी वेदीपाशी उभे राहून सांगत आलोच आहो. परंतु ह्या खेपेस आम्ही ज्यांचे चरित्र सांगणार आहो ते संत नव्हते, धर्मगुरू नव्हते, पंडितही नव्हते. ते फुटबॉल खेळणारे एक ख्रिस्ती गृहस्थ होते, व त्यांचे नाव नेव्हिल डिसोझा.

ही निवड आम्ही का केली हे आरंभीच सांगून टाकणे बरे. आपल्या देवळामागे जे मोकळे पटांगण आहे, तेथे महोत्सवाचे स्मारक म्हणून सभागृह बांधावे असा विचार गेले वर्षभर चालू आहे. उन्हाळ्यात मंडप घालावा तर ऊन सोसवत नाही व पावसाळ्यात घालावा तर काळ्या मातीत पाय रुततात, म्हणून लग्नकार्याच्या वेळी आपल्या कुटुंबांची किती तारांबळ उडते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सभागृहाची मागणी रास्त आहे. ती प्रथम ऐकली तेव्हा आम्हीही तीस मान डोलावली होती. तथापि त्या पटांगणावर रोज संध्याकाळी चेंडू खेळणारी मुले आमच्या खोलीच्या खिडकीतून दिसतात, आणि त्यांस पाहता पाहता आम्हांस ह्या गृहस्थांची आठवण होऊ लागली. म्हणून निर्णय होण्यापूर्वी हे चरित्र सर्वांनी एकदा वाचावे, एवढाच आमचा हेतू आहे.

फुटबॉलचा खेळ गोव्यात कसा आला, येथून आरंभ करू. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या नावाचे एक इंग्रज धर्मगुरू प्रकृती सुधारावी म्हणून बारदेस तालुक्यातील शिवोली गावी येऊन राहिले. हवापालटासाठी आलेला मनुष्य स्वस्थ बसून राहिला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु हे धर्मगुरू शिक्षकी वृत्तीचे होते. मुलांच्या बुद्धीबरोबर शरीरही घडले पाहिजे असे मानून त्यांनी गावातील मुलांस हा नवा खेळ शिकविला. पुढे त्यांनी जवळच्या हडफडे गावी संत जोसेफ ह्यांच्या नावाने इंग्रजी विद्यालय काढले व तेथेही खेळास स्थान दिले. त्यानंतर गोव्याच्या धर्मगुरूंनी व शाळामास्तरांनी हा खेळ गावोगाव नेला. राज्य पोर्तुगीजांचे, खेळ इंग्रजांचा, आणि तो आपलासा केला कोकणी मुलांनी, असा हा चमत्कारिक योग होय.

ह्या मुलांस मैदाने कोणी बांधून दिली नव्हती. भाताची कापणी झाली की शेते मोकळी पडत. बांध थोडे सपाट करावे, दोन टोकांस काठ्या रोवाव्या व पुढील पेरणीपर्यंत खेळावे, अशी रीत पडली. मालक कोण, कूळ कोण, ह्याची चौकशी खेळाच्या वेळी होत नसे. गोव्यातील कित्येक चांगले खेळाडू ह्याच शेतांत तयार झाले आहेत.

शिवोलीच्या शेजारीच आसगाव आहे. त्या आसगावात ३ ऑक्टोबर १९३२ रोजी नेव्हिल डिसोझा ह्यांचा जन्म झाला. त्या काळच्या पंचांगाप्रमाणे ३ ऑक्टोबर हा बाळ येशूच्या संत तेरेझेचा सण होता. ही मठवासी कन्या वयाच्या चोविसाव्या वर्षी वारली, मठाबाहेर तिने कोणतेही मोठे कार्य केले नाही, आणि तरीही १९२५ साली तिला संतपद मिळाले. लहान कामे प्रेमाने करावी हा तिचा मार्ग. ज्यांचे चरित्र आम्ही सांगत आहो त्यांच्या जन्मदिनी तिचा सण असावा ह्यात आम्ही भविष्य शोधीत नाही. परंतु ज्यास जगात पदक मिळाले नाही अशा मनुष्याचे मोल कसे करावे हे समजण्यास ह्या संतेची आठवण उपयोगी पडते, म्हणून तिचा उल्लेख केला.

गोव्याच्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे डिसोझांचेही नशीब मुंबईशी बांधले गेले. पोटासाठी मुंबईस गेलेले गोवेकर धोबीतलाव, गिरगाव, डाबूळ ह्या भागांत आपापल्या गावाच्या कुडीत राहत. कूड म्हणजे एका गावच्या माणसांचे सामाईक बिऱ्हाड. तेथे पेटी ठेवण्यापुरती जागा मिळे, संध्याकाळी सर्वांची मिळून रोझरी होई, आणि सुट्टीच्या दिवशी तेथील तरुण शहरातल्या मैदानांकडे वळत. मुंबईत घरे दाट असली तरी आझाद मैदान, क्रॉस मैदान व कूपरेज ह्या जागा मोकळ्या होत्या, हे त्या शहराचे भाग्य होते.

ह्यांपैकी कूपरेज हे फुटबॉलचे माहेर होय. पूर्वी त्या ठिकाणी पिंपे बनविणाऱ्या कारागिरांचे काम चाले, त्यावरून हे नाव पडले. रोव्हर्स चषक ही स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. आरंभीची पुष्कळ वर्षे तो चषक गोऱ्या पलटणीच नेत असत. १९३७ साली बंगळूरच्या मुस्लिम संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच भारतीय मुलकी संघाचे नाव त्यावर कोरले गेले. अशा ह्या मैदानावर नेव्हिल डिसोझा खेळू लागले. ते टाटांच्या क्रीडा संघाकडून मुंबईच्या हारवुड लीगमध्ये व रोव्हर्स स्पर्धेत खेळत. त्यांची जागा पुढल्या फळीत मधोमध, म्हणजे गोल करण्याचे उत्तरदायित्व ज्याच्यावर असते तेथे होती. १९५४ सालच्या मोसमात मुंबईने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष चषक पहिल्यांदाच जिंकला, त्या संघात ते होते.

आता देशाच्या फुटबॉलची त्या वेळची स्थिती पाहिली पाहिजे, एरवी पुढील हकिगतीचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत स्वतंत्र भारताचा संघ प्रथम उतरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सशी झालेल्या सामन्यात दोन पेनल्टी वाया गेल्या व आपण १ विरुद्ध २ गोलांनी हरलो. तरी अनवाणी पायांनी एवढी झुंज दिली म्हणून प्रेक्षकांनी कौतुक केले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे मात्र कौतुकाला जागा उरली नाही. युगोस्लाव्हियाच्या संघाने आपणांवर १० गोल केले. आपला एकच झाला. थंड हवा, ओले गवत, समोर बुटांचे मजबूत पाय, आणि आपले पाय उघडे. त्या पराभवानंतर बूट घालून खेळण्याचा नियम आपल्या देशात झाला. ज्या पायांस लहानपणापासून मातीची सवय त्यांस बुटांची सवय लावणे सोपे नसते. हे काम अंगावर घेणाऱ्यांत हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे अग्रगण्य होत. ते पेशाने शाळामास्तर होते, आणि राष्ट्रीय संघासही त्यांनी शाळामास्तराच्याच चिकाटीने शिकविले.

पुढचे ऑलिंपिक सामने १९५६ साली मेलबर्न येथे व्हावयाचे होते. रहीमसाहेब शिक्षक, समर बॅनर्जी कप्तान. संघात बंगालचे प्रदीपकुमार बॅनर्जी, हैदराबादचे तुलसीदास बलराम, पीटर थंगराज असे निरनिराळ्या प्रांतांचे व धर्मांचे तरुण होते, आणि मुंबईचे नेव्हिल डिसोझा होते. येथे आपल्या जिल्ह्याच्या वाचकांस एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, व वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने मेलबर्न येथे हा सामना झाला. म्हणजे हिंगणघाट, पुलगाव व आर्वी येथील माणूस त्या दिवशी हा आमच्या राज्याचा खेळाडू असे न्यायाने म्हणू शकला असता. उलट ज्या गोव्यात डिसोझा जन्मले तो मात्र अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तो १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडावयाची होती. परंतु त्याच शरदात हंगेरीत लोकांनी उठाव केला व नोव्हेंबरात रशियन रणगाड्यांनी तो चिरडला. तिचा फुटबॉल संघ ह्या स्पर्धेत उतरला नाही, आणि भारत न खेळता पुढे गेला. दुसऱ्याच्या देशावरील संकटामुळे मिळालेली ही चाल होती, तिचा कोणी अभिमान बाळगू नये. खरी परीक्षा १ डिसेंबर रोजी झाली. समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता, आणि प्रेक्षकही त्याचेच. तो शनिवार होता व दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार.

नवव्या मिनिटास डिसोझांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटास डिसोझांनी पुन्हा गोल केला, आणि मध्यंतराच्या आधी एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरोने पुन्हा बरोबरी केली. दोनदा पुढे जाऊन दोनदा गाठले गेल्यावर पुष्कळ संघांचा धीर सुटतो. येथे तसे झाले नाही. मध्यंतरानंतर पाच मिनिटे होतात न होतात तोच डिसोझांनी तिसरा गोल केला, व ऐंशीव्या मिनिटास किट्टू ह्यांनी चौथा करून सामना संपविला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा आशिया खंडातील पहिला खेळाडू म्हणून त्या दिवसापासून नेव्हिल डिसोझा ह्यांचे नाव नोंदले गेले.

उपांत्य सामना ४ डिसेंबर रोजी पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी पडला, ज्याने चार वर्षांपूर्वी आपली दाणादाण उडविली होती. पहिल्या अर्ध्या वेळात कोणासही गोल करता आला नाही. बावन्नाव्या मिनिटास गोल झाला, आणि तो भारताचा होता; करणारे डिसोझाच होते. दोन मिनिटे भारत युगोस्लाव्हियाच्या पुढे होता. मग प्रतिपक्षाने बरोबरी केली, थोड्याच वेळात आघाडी घेतली, आणखी एक गोल केला, आणि शेवटचा आमच्याच खेळाडूच्या पायास लागून आमच्याच जाळ्यात गेला. आपण १ विरुद्ध ४ गोलांनी हरलो. ७ डिसेंबर रोजी, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या पूर्वदिनी, तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी सामना झाला व तो ३ गोलांनी गेला. एकंदर अकरा संघांत भारत चौथा आला.

चौथा म्हणजे पदकाच्या एका पायरीखाली. विजेत्यांचे उच्चासन तीन पायऱ्यांचे असते. चौथ्यास तेथे जागा नसते. सबंध स्पर्धेत सर्वांहून अधिक, म्हणजे चार गोल करणारे तीन खेळाडू झाले: बल्गेरियाचे मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोव्हिच आणि आमचे डिसोझा. पहिल्या दोघांच्या गळ्यात पदके पडली. तिसरा रिकाम्या गळ्याने मायदेशी परतला.

परत आल्यावर ते पुन्हा मुंबईच्या त्याच मैदानांवर खेळू लागले. पुढे ते कॅल्टेक्स संघाकडे गेले, आणि १९५८ साली त्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे बंधू डेरेक हेही नामवंत खेळाडू होते. ते दिवस असे होते की खेळाडूस कंपनीच्या नोकरीवर संसार चालवावा लागे, व खेळ संपला की नाव लवकर मागे पडे. १९६० नंतर तर भारताचा संघ ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेत पोहोचलेलाच नाही, त्यामुळे त्या चौथ्या क्रमांकाची आठवण काढण्याचे प्रसंगही थोडे झाले. रहीमसाहेब १९६३ साली वारले. नेव्हिल डिसोझा ह्यांस १७ मार्च १९८० रोजी देवाज्ञा झाली. त्यांचे वय त्या वेळी अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

आज मुंबईत वांद्रे येथे एक फुटबॉलचे मैदान आहे, त्यास नेव्हिल डिसोझा ह्यांचे नाव दिले आहे. तेथे मुंबईच्या फुटबॉल संघटनेचे सामने होतात. ज्या शहरात हातभर जमिनीसाठी भाऊबंदकी होते, तेथे एका पदकहीन खेळाडूच्या नावाने एवढी जागा मोकळी राहिली आहे, आणि तिच्यावर मुले धावतात. ह्याहून योग्य स्मारक आम्हांस सुचत नाही. पुतळ्याच्या पायथ्याशी मनुष्य क्षणभर उभा राहतो व निघून जातो. मैदानाचे तसे नाही. तेथे आलेल्या मुलास त्या पुरुषाचे चरित्र ठाऊक नसेल, तरी त्या पुरुषाने जे केले तेच ते मूल करीत असते.

ह्या चरित्रातून आम्हांस जे उमगले ते थोडक्यात असे. शिवोलीत एका आजारी धर्मगुरूने मुलांपुढे चेंडू टाकला, तेव्हा त्यापासून काय निष्पन्न होईल हे त्यांस दिसले नव्हते. बारदेसच्या शेतकऱ्याने कापणीनंतर आपले शेत मुलांस मोकळे ठेवले, तेव्हा त्यासही दिसले नव्हते. शेजारच्या आसगावी जन्मलेला मुलगा जगाच्या दुसऱ्या टोकास जाऊन तीन गोल करील, हा हिशेब कोणत्याही वहीत मांडता आला नसता. मोकळ्या जागेचे उत्पन्न असे असते. ते केव्हा येईल, कोणाच्या घरी येईल, हे सांगता येत नाही. आणि येईपर्यंत ती जागा रिकामी पडली आहे, असेच शहाण्या माणसांस वाटत राहते.

गेल्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी आम्ही खिडकीत उभे राहून आपल्या पटांगणावरची मुले मोजली. एकतीस होती. त्यांपैकी आपल्या धर्मग्रामातील केवळ नऊ. बाकीची हिंदू, बौद्ध व मुसलमान घरांतील, आसपासच्या वस्तीतली. निम्मी अनवाणी. आपल्या देवळाच्या आवारात ज्यास कोणी नाव, जात वा धर्म न विचारता येऊ देतो असा हा एकच तुकडा आहे, हे तोपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते, आणि ह्या धर्मग्रामात इतकी वर्षे काढूनही ते ध्यानात येऊ नये ह्याची आम्हांस लाज वाटली. त्या मुलांपैकी एखादा मेलबर्नास जाईल असे आमचे म्हणणे नाही. बहुधा कोणीही जाणार नाही. पण दोनदा पुढे जाऊन दोनदा गाठले गेल्यावर तिसऱ्यांदा धावावे कसे, हे त्यांनी कोठेतरी शिकले पाहिजे, आणि ते व्याख्यानाने शिकविता येत नाही, हे तीस वर्षे प्रवचने देत आलेल्या मनुष्याने कबूल करावे हे बरे.

सभागृह व्हावे, ह्याविषयी आमचा विरोध नाही. फाटकाच्या उजव्या अंगास जुन्या शाळाखोल्यांची पडकी जागा आहे. ती लहान आहे, तेथे दोनशेऐवजी सव्वाशे माणसे बसतील, आणि पंगत दोनदा उठवावी लागेल. तेवढी गैरसोय आपण सोसू शकू असे आम्हांस वाटते. निर्णय धर्मग्राम सभेने घ्यावयाचा आहे व तो आम्ही मान्य करू. परंतु मत देण्यापूर्वी प्रत्येकाने एका संध्याकाळी साडेपाच वाजता देवळामागे येऊन निंबाखाली दहा मिनिटे बसावे, एवढी आमची विनंती आहे.

नेव्हिल डिसोझा ह्यांच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो. आणि ज्यांच्या गळ्यात ह्या जगी काहीच पडले नाही, अशा सर्वांसही देवो.